पहाटेची तारीख

जानेवारीतल्या एका सकाळी निफाड तालुक्यातून मामांचा फोन आला. "अगं, तुझ्या त्या पानावर परवाची फवारणी तेरवाच्या तारखेला पडली आहे. वहीत बरोबर आहे." मी म्हणाले, "मामा, तारीख निवडताना चुकून मागची निवडली गेली असेल." त्यावर ते म्हणाले, "निवडतो कुठं? तारीख तर आपोआप येते ना. मी हातसुद्धा लावला नाही."

ते पान, म्हणजे फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारे वेबपान, मी मामांसाठी आणि त्यांच्या शिवारातल्या आणखी चार-पाच द्राक्ष बागायतदारांसाठी तयार केले होते. कोणत्या प्लॉटची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) कधी झाली, कोणती फवारणी कोणत्या दिवशी घेतली, औषध कोणते आणि किती, एवढ्याच नोंदी त्यात करायच्या असत. त्यावरून छाटणीपासून आज कितवा दिवस आहे आणि शेवटच्या फवारणीचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणीनंतर माल काढण्याआधी थांबायचे दिवस, कधी संपतो, हे पान सांगत असे. फवारणीची तारीख एक दिवस मागे पडली, तर हा कालावधी पानावर एक दिवस आधीच संपलेला दिसतो आणि प्रत्यक्षात औषधाचा अंश मण्यांत असतानाच माल काढायला हरकत नाही, असे उत्तर मिळते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशावरून युरोपात गेलेली आपल्याकडची द्राक्षे अडकली होती. तो हंगाम मामांच्या पिढीतला कोणताही निर्यातदार बागायतदार विसरलेला नाही. म्हणून एका दिवसाची ही चूक मला किरकोळ वाटली नाही.

नाशकात गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी मी ते पान सकाळी अकराला उघडले, दुपारी चारला उघडले, रात्री दहाला उघडले. प्रत्येक वेळी तारीख बरोबर येत होती. मामांचा फोन, माझा फोन, वेगवेगळे ब्राउझर असे सगळे करून पाहिले, तरी चूक काही पुन्हा घडेना. शेवटी सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे जमा होतात त्या संगणकावर, प्रत्येक नोंद कोणत्या क्षणी पोहोचली याची जी वेळ आपोआप लिहिली जाते, ती काढून मी चुकलेल्या नोंदी तिच्याशेजारी मांडल्या. ४ वाजून १२ मिनिटे. ४ वाजून ५० मिनिटे. ५ वाजून ५ मिनिटे. चुकलेली एकही नोंद साडेपाचनंतरची नव्हती.

निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्यात शेतीपंपांना रात्रीची लाइट असली की पाणी द्यायलाही रात्रीच उठावे लागते. मामा चार वाजता शेकोटीजवळ बसून दिवसभरातल्या फवारणीची नोंद आधीच करून टाकत आणि मग औषध कालवायला घेत. माझ्या पानावरचा 'आज' हा शब्द मी अकरा वाजता लिहिला होता, आणि त्याचा अर्थ पहाटे चारला काय होतो हे मी कधी तपासलेच नव्हते.

आजची तारीख मिळवण्यासाठी मी जी ओळ लिहिली होती, ती जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा, लिहिणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेली असते. नवीन डेट घ्यायची, तिला टूआयएसओस्ट्रिंग सांगायचे आणि आलेल्या मजकुराची पहिली दहा अक्षरे कापून घ्यायची. वर्ष, महिना, दिवस असे नेटके हाती येते आणि तारखेच्या रकान्यात जसेच्या तसे बसते. मात्र टूआयएसओस्ट्रिंग वेळ देते ती जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी), आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. त्यामुळे नाशकात मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेच्या साडेपाचपर्यंत ती ओळ कालची तारीख देते आणि त्यानंतर उरलेले साडेअठरा तास अगदी बरोबर वागते. कार्यालयीन वेळेत काम करणाऱ्या माणसाला ही चूक दिसण्याची शक्यताच नाही.

दुरुस्ती साधी होती. गेटफुलइयर, गेटमंथ आणि गेटडेट ही तीन फंक्शने फोनच्या स्थानिक वेळेप्रमाणे उत्तर देतात. त्यांची उत्तरे घ्यायची, महिन्यात एक मिळवायचा, एकअंकी आकड्याला पॅडस्टार्टने शून्य जोडायचे आणि तारीख बांधायची. महिन्यात एक मिळवावा लागतो, कारण जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी हा शून्यावा महिना आहे. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, तेव्हा तारखेची सगळी रचना त्या काळच्या जावा या दुसऱ्या भाषेतून उचलली गेली आणि शून्यापासून सुरू होणारे महिनेही तिच्यासोबत आले. आता टेम्पोरल नावाची नवी रचना ब्राउझरांत येऊ लागली आहे. तिच्यात नुसत्या दिनांकासाठी वेगळा प्रकार आहे आणि महिने एकपासून मोजले जातात. पण मामांच्या शिवारातले सगळे फोन नवे नाहीत, म्हणून मी जुन्या तीन फंक्शनांवरच भागवले.

या दुरुस्तीपेक्षा मला मोलाची वाटली ती तिच्यामागची समजूत. मामांच्या वहीतली तारीख म्हणजे काळाच्या रेषेवरचा एखादा क्षण नव्हे, ते दिनदर्शिकेतले एक घर आहे. त्याला तास नाहीत, मिनिटे नाहीत आणि देशही नाही. मी मात्र त्या घराचे डेट या वस्तूत, म्हणजे क्षणात रूपांतर करत होते आणि पुन्हा क्षणाचे घर करत होते. या जाण्यायेण्यात दर वेळी साडेपाच तास इकडे किंवा तिकडे सांडण्याची भीती होती. तेव्हापासून फवारणीची, छाटणीची, जन्माची, पावतीची अशी कोणतीही नुसती तारीख मी मजकूर म्हणूनच साठवते आणि मजकूर म्हणूनच दाखवते. दोन तारखांमधले दिवस मोजायची वेळ आली, तर तेवढ्यापुरते दोन्हींचे आकडे डेट-यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतल्या फंक्शनला देते आणि वजाबाकी ८,६४,००,००० ने, म्हणजे एका दिवसातल्या मिलिसेकंदांनी भागते. दोन्ही बाजू एकाच प्रमाणवेळेत असल्यामुळे तिथे काही सांडत नाही.

एकदा तारखेकडे असे पाहिल्यावर बाकीच्या रकान्यांकडेही मी संशयाने पाहू लागले. त्याच हंगामात लासलगाव बाजारात कांद्याच्या वक्कलांची (विक्रीला आलेल्या ढिगांची) नोंद ठेवणाऱ्या एका ओळखीच्या आडतदारांसाठीही मी एक छोटा फॉर्म केला होता. त्यात एका दिवसाची बेरीज इतकी कमी आली की त्यांनी फोन न करता थेट कॅल्क्युलेटर काढला आणि त्याच्या आकड्याचा फोटो मला पाठवला. एका ओळीत भाव होता क्विंटलला १,२००, आणि माझा कोड तो एक रुपया धरत होता. पार्सफ्लोट हे फंक्शन डावीकडून वाचत जाते आणि न कळणारे चिन्ह आले की तिथेच थांबून तोवर वाचलेला आकडा परत करते. स्वल्पविराम लागला आणि ते थांबले. त्याऐवजी नंबर हे फंक्शन वापरले असते, तर त्याने तोच मजकूर पाहून 'हा आकडा नाही' एवढे तरी सांगितले असते. माझे मत असे की पैशाच्या रकान्यावर पार्सफ्लोट कधीही वापरू नये. जी चूक आरडाओरडा करते ती परवडते. जी शांतपणे बाराशेचा एक करते, ती संध्याकाळच्या हिशेबापर्यंत, कधी महिन्याच्या हिशेबापर्यंत, कुणालाच दिसत नाही.

अंकांचे दुसरे दुखणे आपल्या लिपीचे आहे. ब्राउझरला मराठी स्थानिकता (भाषा आणि प्रदेश) सांगून आकडा लिहायला लावला, तर तो लाख-हजारांचे गट पाडून आणि देवनागरी अंकांत सुरेख लिहितो. पण त्यानेच लिहिलेला तो आकडा जावास्क्रिप्टला परत वाचायला दिला, तर ती वाचू शकत नाही, कारण वाचताना तिला फक्त इंग्रजी अंक कळतात. मामांच्या फोनचा कळफलक मराठी असल्यामुळे ते 'अडीच लिटर' लिहिताना २ च लिहितात आणि 2 शोधायला जात नाहीत, हे ओघानेच आले. आकड्यांसाठी असलेला खास रकाना वापरावा तर तो असे अंक स्वीकारत नाही किंवा कोडच्या हाती रिकामा मजकूर ठेवतो. शिवाय संगणकावर माउसचे चाक चुकून फिरले, तर त्यातला आकडा बदलू शकतो.

म्हणून मी तो रकाना काढून साधा मजकुराचा रकाना ठेवला, इनपुटमोडने फोनला फक्त अंकांचा कळफलक सुचवला आणि मधे एक छोटे फंक्शन बसवले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नऊचा २४१५. त्या टापूतले चिन्ह दिसले की त्याच्या क्रमांकातून २४०६ वजा करायचे, की नेहमीचा अंक मिळतो. मग स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढायच्या, रुपयाचे चिन्ह काढायचे. इथे मी एकदा ठेचकाळले, ते सांगते. कुणी 'रु. १२००' असे लिहिले होते. मी 'रु' काढला, मोकळी जागा काढली आणि टिंब मात्र तसेच राहिले, त्यामुळे बाराशेचे शून्य दशांश बारा झाले. आता 'रु' त्याच्या टिंबासकट आणि सगळ्यात आधी जातो. एवढे करूनही उरलेला मजकूर पहिल्या चिन्हापासून शेवटच्या चिन्हापर्यंत निव्वळ आकडा नसेल, तर फंक्शन अंदाज बांधत नाही. लिहिलेले तसेच ठेवून रकान्याखाली 'हा आकडा कळला नाही' असे सांगते. अपूर्णांकांबद्दल एवढेच की ०.१ तीनदा घेतले, तर ही भाषा ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देते, म्हणून औषध मिलिलिटरमध्ये आणि पैसे पैशांमध्ये, म्हणजे पूर्णांकांतच साठवलेले बरे.

यापेक्षा जास्त दिवस मला 'दुसऱ्या' या एका शब्दाने घेतले. नोंदींमध्ये शोध घेण्याची सोय मी दिली होती आणि मामांच्या मुलाने तक्रार केली की संगणकावर 'दुसऱ्या डिपिंगनंतर' (डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणे) असे शोधले तर वडिलांनी फोनवरून लिहिलेल्या नोंदी सापडतच नाहीत. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसत होते. मी ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे कोड चालवून पाहायची खिडकी, उघडला, दोन्ही शब्दांची लांबी विचारली, तर एकाची सात आली आणि दुसऱ्याची आठ. मग एकेक चिन्ह सुटे करून त्यांचे क्रमांक कन्सोल-टेबलने एकाखाली एक लावले. पहिल्या शब्दात ऱ हे एकच चिन्ह होते आणि त्याला हलन्त जोडून पुढे य होता. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य, अशी रचना होती. शोधत गेल्यावर तिसरा प्रकारही सापडला, ज्यात र लिहून त्याखाली नुक्ता, म्हणजे एक टिंब, दिला होता. त्याचीही लांबी आठच, पण आतली चिन्हे वेगळी. एकच शब्द, तीन घडणी, आणि जावास्क्रिप्टच्या दृष्टीने तिन्ही एकमेकांना परके.

यातल्या दोघांची गाठ घालून देण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे. नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी (जोडून एक केलेले) रूप मागून चालवले की र आणि नुक्ता मिळून ऱ हे एकच चिन्ह होते. अदृश्य जोडचिन्हाच्या घडणीला मात्र ते हात लावत नाही, ती आपल्यालाच बदलावी लागते. तिथे 'अदृश्य आहे तर काढून टाकू' असा मोह होतो आणि तो टाळायला हवा. ते चिन्ह नुसते काढले, तर र् च्या जागी रफार येतो आणि शब्दच बदलतो. आचाऱ्यांना जेवणाचे सांगायचे असते आणि आचार्यांना व्याख्यानाचे, हा फरक मराठीत ज्या चिमुकल्या आडव्या रेषेवर उभा आहे, ती रेषा त्या अदृश्य चिन्हाने राखलेली असते. म्हणून र, हलन्त आणि जोडचिन्ह असा क्रम दिसला की त्याच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे, आणि हे नोंद साठवतानाही करायचे व शोधशब्दावरही करायचे. दोन ओळींचे काम आहे. पण शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या पानावर 'शेतकऱ्यांची' हा शब्दच सापडू नये, हे मला इतके लागले होते की त्या दोन ओळी मी त्यानंतर केलेल्या प्रत्येक कामात पहिल्या दिवशीच घातल्या आहेत.

लांबी मोजण्यातही तोच धडा मिळतो. 'क्षीरसागर' आपण पाच अक्षरांचे म्हणतो, पण भाषा त्याची लांबी नऊ सांगते, कारण ती क, हलन्त, ष आणि वेलांटीही वेगळी मोजते. नावाच्या रकान्याला वीसची मर्यादा घालणाऱ्याने हे एकदा करून पाहावे. अक्षरे माणसासारखी मोजायची असतील, तर इंटल-सेगमेंटर ही त्यासाठीची सोय आता सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे.

टाइप होत असतानाच शोध घ्यायचा असेल, तर मराठीसाठी आणखी एक पथ्य आहे. अनेक जण इंग्रजी कळांवरून मराठी लिहितात आणि शब्द पुरा होईपर्यंत तो कच्च्या रूपात असतो. अशा वेळी ब्राउझर कम्पोझिशन, म्हणजे शब्दाची जुळणी, चालू असल्याची खूण देतो. ती खूण असेपर्यंत थांबावे, मग आणखी ३०० मिलिसेकंद वाट पाहावी आणि त्यानंतरच सर्व्हरला विचारावे.

राहिली रेंजची गोष्ट. बागेच्या मांडवाखाली रेंज येते-जाते. मामा बटण दाबत, काही हलत नसे, ते पुन्हा दाबत आणि एकाच फवारणीच्या दोन नोंदी होत. पहिल्या दाबण्याबरोबर बटण बंद करणे हा सगळ्यांना सुचणारा उपाय आहे आणि तो अपुरा आहे, कारण कधी नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचते, फक्त पोच परत येत नाही. मग माणूस पान पुन्हा उघडतो आणि पुन्हा भरतो. म्हणून नोंद सुरू होतानाच फोनवर तिला रँडम-यूयूआयडीने एक ओळखक्रमांक द्यायचा, ती लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या फोनवरच्या साठ्यात, ठेवायची, आणि सर्व्हरने त्या क्रमांकाची नोंद आधीच आली असेल तर दुसरी न करता पहिलीचीच पोच द्यायची. सर्व्हरला नोंद पाठवणारे फेच हे फंक्शन वापरताना सर्व्हरने चूक कळवली तरी फेच स्वतः अपयशी ठरत नाही, उत्तरातला 'ओके' पाहावा लागतो. तो मिळाल्यावरच लोकलस्टोरेजमधली प्रत पुसावी. अर्धवट भरलेला फॉर्म जपायचा क्षणही नीट निवडावा लागतो. फोन खिशात गेला की पान बंद होत असल्याची सूचना भरवशाची राहत नाही, तर व्हिजिबिलिटी-चेंज ही घटना बहुतेक वेळा मिळते.

हे सगळे बसवून झाल्यावर मी स्वतः निफाडला गेले, कारण ब्राउझरच्या साधनांत फोनचा टाइमझोन बदलून पाहता येतो, पण शेकोटीच्या उजेडात कानटोपी घातलेल्या माणसाच्या हातातला फोन तिथे दिसत नाही. पहाटे पावणेपाचला मामांनी पान उघडले. तारीख आजचीच आली. त्यांनी एकदा फोनकडे आणि एकदा वहीकडे पाहिले आणि मान हलवली. मग गारठलेल्या बोटांनी कळा दाबण्याऐवजी त्यांनी कळफलकावरचा माइक दाबला आणि फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, "अडीचशे."

रकान्यात 'अडीचशे' असा शब्द उमटला आणि त्याखाली माझे वाक्य आले, 'हा आकडा कळला नाही'.

मी तिथेच ओट्यावर लॅपटॉप उघडला. हे काम वाटते त्याहून सोपे निघाले, कारण आपले हे शब्द फार नियमाने वागतात. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे चार शब्द कोष्टकात ठेवायचे. सव्वा, साडे किंवा पावणे पुढे लागून आले, तर त्यानंतरच्या आकड्यात पाव मिळवायचा, अर्धा मिळवायचा किंवा पाव वजा करायचा. शेवटी 'शे' असेल, तर तो आधी काढून ठेवायचा आणि उरलेल्या शब्दाच्या किमतीला शंभराने गुणायचे. पावणेदोन म्हणजे १.७५, म्हणून पावणेदोनशे म्हणजे १७५. सव्वा म्हणजे १.२५, म्हणून सव्वाशे म्हणजे १२५. अर्ध्या तासात 'अडीचशे'चे २५० झाले आणि खाली खात्रीसाठी '२५० लिटर' असे दिसू लागले.

"आता बोला," मी म्हणाले.

मामांनी माइक दाबला. "एकरी पाणी अडीचशे-तीनशे लिटर."

"मामा, एक काहीतरी सांगा. अडीचशे की तीनशे?"

ते बागेकडे वळले. उजाडू लागले होते. "खालच्या प्लॉटला अडीचशे, वरच्याला तीनशे. वर पाला दाट आहे ना."

म्हणजे पाण्याचा रकाना नोंदीला एक ठेवून भागणार नव्हते, तो प्लॉटला एक हवा होता.